पिस्तूल घेण्याआधी अंगठा तपासा: रत्नागिरीकर परवानाधारकासाठी खर्चाचा हिशेब

निवृत्तीनंतर गावच्या घरी परतलेले, आंब्याच्या हंगामात बागेत मुक्काम टाकणारे, मजुरीची रोकड घेऊन लांबच्या वाडीवर जाणारे असे काही जण आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाना काढायचा विचार करतात. परवाना हातात आला की मागणी बहुतेकांची एकच असते: हलकं, लहान, चालवायला सोपं पिस्तूल. दुकानदार काउंटरवर दोन-तीन नग मांडतो, भाव सांगतो आणि निर्णय तिथल्या तिथे भावावर होतो.

माझं म्हणणं असं की हा निर्णय अंगठ्यावर आणि मनगटावर व्हावा. सेफ्टीचा खटका अंगठ्याला पोचत नसेल, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढता येत नसेल, तर लाख-दीड लाखाची ती वस्तू घरात फक्त जोखीम म्हणून राहते. आणि आणलेलं हत्यार परत करणं सोपं नाही. परवान्यावर त्याचा अनुक्रमांक चढलेला असतो. विकायचं तर पुन्हा कलेक्टर कचेरी, पुन्हा परवानगी, पुन्हा परवानाधारक गिऱ्हाईक शोधणं आलं, आणि त्यात हाती येणारी किंमत बरीच खाली उतरते.

आधी परवाना कुठला, ते पाहा

कोकणाला बंदूक नवी नाही. रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून भात, नारळ, काजू राखण्यासाठी गावोगावी ठासणीच्या, एका नळीच्या आणि दोन नळीच्या बंदुका आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं कलम १३ अशा बंदुकांना वेगळी वागणूक देतं. शेती राखण्यासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला ही सवलत नाही. तिथे तुमचं कारण जिल्हादंडाधिकाऱ्यांना सबळ वाटावं लागतं. शेती संरक्षणाच्या परवान्यावर पिस्तूल मिळेल या समजुतीने कोणी आगाऊ रक्कम घेत असेल तर देऊ नका. शेतीच्या बंदुकीवालेही एक लक्षात ठेवा: परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

अर्ज २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नमुना ए-१ मध्ये करायचा. वय किमान २१ पूर्ण हवं. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यावा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा असं नियम म्हणतो. नकार आला तर कारण लेखी मागा, कलम १८ खाली अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात. वडिलोपार्जित बंदूकही या दोनमध्ये मोजली जाते. घरात आजोबांची दोन नळीची आणि वडिलांची ठासणीची, दोन्ही तुमच्याच नावावर असतील, तर पिस्तुलाला जागाच उरत नाही. हे अर्जाचे पैसे भरण्याआधी पाहून घ्यावं.

सरकारी फी हा या सगळ्यातला लहान भाग आहे. ती सरकारी पोर्टलवर किंवा कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत विचारून थेट भरा. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दिलेल्या पैशांची पावती मिळत नाही आणि पोलीस अहवाल त्याच्या हातात नसतो.

किमतीत कर किती, ते वेगळं काढा

सर्वसामान्य परवानाधारकाला ९ मिलीमीटरचं पिस्तूल घेता येत नाही, ती जात प्रतिबंधित आहे. म्हणून व्यवहारात गाडी बहुधा ३२ बोअरवर येऊन थांबते. सरकारी कारखान्यांच्या मालात पिस्तुलात ‘अशनी’ आणि रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरची ३२ बोअर ही नावं दुकानात ऐकू येतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. लहान शस्त्रांचे कारखाने कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे गेले आणि काडतुसांचे कारखाने पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. ३२ बोअरच्या काडतुसांवर दिसणारा ‘केएफ’ हा शिक्का आपल्या खडकीच्या कारखान्याचा.

भाव मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, तरी अंदाजासाठी एक जुना आकडा उपयोगी आहे. २०१४ च्या जानेवारीत कानपूरने महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ नावाची अर्ध्या किलोची रिव्हॉल्व्हर आणली, तेव्हा तिची किंमत १,२२,३६० रुपये होती. म्हणजे लाखाच्या घरात तयारी ठेवूनच दुकानात शिरायचं.

त्यावर कर. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. मूळ किंमत एक लाख धरली तर पूर्वी २८ हजार भरावे लागत, आता ४० हजार. दुकानदार भाव सांगतो तेव्हा पहिला प्रश्न हाच: करासह की कराशिवाय? आणि पक्कं बिल घ्या. बिलावर कारखान्याचं नाव, बोअर, अनुक्रमांक आणि कर वेगळा दाखवलेला असला पाहिजे, कारण हेच बिल परवान्यावर नोंद करताना दाखवावं लागतं.

वापरलेलं घ्यायचं असेल तर विकणाऱ्याचा परवाना, विक्रीची परवानगी आणि अनुक्रमांक तिन्ही जुळतात का ते पाहा, आणि परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घ्या. तपासणीला पैसे पडतील, ते द्या. सेफ्टी लावलेली असताना ट्रिगर दाबला तर घोडा पडतो का, हलक्या धक्क्याने खटका सरकतो का, मॅगझिन काढल्यावर काय होतं, हे सगळं रिकाम्या हत्यारावर त्याच्याकडून करवून घ्यावं. विकणाऱ्याच्या घरच्या ओटीवर आपण स्वतः करून पाहू नये.

अंगठ्याचा खटका: कुठे, कुठल्या दिशेने, किती घट्ट

आता मुख्य मुद्दा. पिस्तुलावर हाताने लावायची सेफ्टी म्हणजे एक लहानसा खटका. बहुधा तो डाव्या अंगाला, मुठीच्या वरच्या टोकाला असतो, म्हणजे उजव्या हाताचा अंगठा तिथे पोचावा. दिसायला साधी गोष्ट, पण तीन बाबतींत गिऱ्हाईक फसतं.

पहिली दिशा. जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या अमेरिकन लष्करी पिस्तुलावर आणि पुढे १९३५ च्या हाय-पॉवरवर खटका सांगाड्यावर आहे. तो खाली दाबला की पिस्तूल तयार, वर केला की बंद. इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं, आपल्या लष्करा-पोलिसांकडचं ९ मिलीमीटर १-ए हे हाय-पॉवरचंच रूप, त्यामुळे निवृत्त पोलीस किंवा फौजी माणसाच्या अंगठ्यात हीच सवय मुरलेली असते. उलट वॉल्थर पीपी किंवा बेरेटा ९२ या घराण्यात खटका स्लाइडवर असतो आणि तो खाली केला की पिस्तूल बंद होतं. दिशा बरोबर उलटी. ज्याची तीस वर्षांची सवय खाली म्हणजे ‘तयार’ अशी आहे, त्याने उलट दिशेचं पिस्तूल घेऊ नये, दहा हजारांनी स्वस्त मिळालं तरीही. घाबरलेल्या क्षणी डोकं आठवत बसत नाही, सवयच अंगठा हलवते.

दुसरी पोच. दुकानात विक्रेत्याला हत्यार रिकामं करून दाखवायला सांगा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग नळीच्या मागच्या टोकाला असलेला काडतुसाचा कप्पा डोळ्यांनी आणि बोटाने तपासून. क्रम हाच. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं या समजुतीने घात होतो, कारण एक गोळी आत कप्प्यात राहिलेली असू शकते. मग विक्रेत्याने दाखवलेल्या सुरक्षित दिशेला तोंड ठेवून पिस्तूल हातात घ्या आणि मूठ न सोडता, न फिरवता अंगठा खटक्यावर नेऊन पाहा. बहुतेक लहान पिस्तुलांचे खटके बारीक असतात. लहान हाताला किंवा सांधे धरलेल्या अंगठ्याला तिथे पोचायला अख्खी मूठ फिरवावी लागते. मूठ फिरली की नळीची दिशा फिरली. असा नग बाजूला ठेवा. डावखुऱ्या माणसाने तर दोन्ही बाजूंना खटका आहे का हे सर्वात आधी विचारावं. नसेल तर त्याला तर्जनीने तो हलवावा लागतो, आणि तर्जनीची जागा ट्रिगरबाहेर, सांगाड्यालगत सरळ असायला हवी.

तिसरी घट्टपणा, आणि इथे ‘सोपं’ या शब्दाला दुसरा पदर आहे. कमजोर अंगठ्यालाही हलवता यावा म्हणून खटक्याची स्प्रिंग हलकी ठेवली, तर तोच खटका नको तेव्हाही हलतो. कपाटात ठेवताना कापडात अडकून तो ‘तयार’वर जाऊ शकतो. गोळी झाडताना धक्क्याने अंगठ्याचा सांधा वर उचलला जाऊन तो ‘बंद’वर जाऊ शकतो, आणि पुढच्या वेळी ट्रिगर दाबला तर काहीच होत नाही. नवशिक्याला वाटतं पिस्तूल बिघडलं. तो ते उलटं-सुलटं करून, तोंड इकडे-तिकडे फिरवत पाहू लागतो, आणि अपघाताची वेळ हीच. म्हणून खटका हलताना बोटाला स्पष्ट ‘टक’ जाणवली पाहिजे, दोन्ही टोकांना तो पक्का बसला पाहिजे, मधे कुठेही तरंगता कामा नये. खटका ‘तयार’वर असल्याचं दाखवणारा लाल ठिपका चष्म्याशिवाय दिसतो का, हेही साठीच्या पुढच्या माणसाने पाहावं.

खटक्याबाबत जगभर एकमत नाही. १९८२ पासून ग्लॉक अंगठ्याच्या खटक्याशिवायच विकलं जातंय. त्याची सेफ्टी ट्रिगरमध्येच आहे आणि कित्येक देशांच्या पोलिसांनी ते स्वीकारलं. अमेरिकन लष्कराने मात्र २०१७ मध्ये निवडलेल्या नव्या पिस्तुलावर अंगठ्याचा खटका मागून घेतला. माझं मत विचाराल तर घरात मुलं-नातवंडं येत-जात असलेल्या, वर्षात मोजक्याच वेळा सराव करणाऱ्या माणसाला खटका असलेलं हत्यार बरं. पण खटका लावला म्हणजे हत्यार निर्धोक झालं, असं नाही. तो लहानसा धातूचा तुकडा झिजतो, घाणीने अडतो. तोंड कुणाकडेही न करणं आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवणं या दोन गोष्टी खटक्याच्या वरच्या आहेत.

पकड

अंगठा कुठे विसावतो यावर खटक्याचं वागणं ठरतं, म्हणून पकड आणि खटका वेगळे शिकवू नयेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जमेल तितकी वर बसवायची, म्हणजे धक्का थेट हाताच्या सरळ रेषेत येतो आणि पिस्तूल कमी उडतं. पण फार वर गेली तर मागे येणारी स्लाइड किंवा घोडा कातडी चावतो. जुन्या लहान पिस्तुलांमध्ये हा त्रास जास्त. उरलेल्या जागेत डाव्या हाताचा तळवा भरायचा, त्याची बोटं उजव्या बोटांवर गुंडाळायची, दोन्ही अंगठे डाव्या अंगाला पुढे रोखायचे. डावा अंगठा उजव्या मनगटावरून मागे, स्लाइडच्या वाटेत कधीही ठेवू नये. स्लाइड जोरात मागे येते आणि अंगठा फाडते.

सांगाड्यावर खटका असलेल्या पिस्तुलावर उजवा अंगठा खटक्याच्या वर ठेवला तर तो धक्क्याने बंद होत नाही. पण खटका बारीक असेल तर तोच अंगठा स्लाइडला घासून तिची चाल मंदावतो आणि काडतूस अडकतं. खाली ठेवला तर सांधा खटक्याला वर ढकलू शकतो. कुठली रीत तुमच्या हाताला चालते हे दुकानात कळणार नाही. रेंजवर प्रशिक्षकासमोर पाच गोळ्या झाडून लगेच खटका कुठे आहे ते पाहायचं, मग अंगठ्याची जागा बदलून पुन्हा पाच. या दहा गोळ्यांचा खर्च वसूल होतो. मनगट सैल सोडलं तरीही पिस्तूल अडतं, कारण स्लाइडला मागे जायला पाठीमागे काहीतरी घट्ट हवं असतं. हात थरथरत असतील तर दोष पिस्तुलात शोधू नका.

रिव्हॉल्व्हरला ही पकड चालत नाही. तिच्या फिरत्या डब्याच्या आणि नळीच्या फटीतून गोळी सुटताना तप्त वायू बाजूला निघतो. तिथे अंगठे पुढे रोखले तर भाजतात. रिव्हॉल्व्हरवर अंगठे एकमेकांवर, खाली दुमडलेले ठेवावेत.

‘सोपं’ म्हणजे लहान नव्हे

३२ बोअरची बहुतेक पिस्तुलं साध्या ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात. गोळी सुटताना नळी आणि स्लाइड यांना जोडून धरणारी कुलपी रचना त्यांत नसते. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताठपणा एवढ्यावरच ती बंद राहते. स्लाइड लहान, हलकी केली तर स्प्रिंग ताठ करावी लागते. त्यामुळे चिमुकलं पिस्तूल ओढायला उलट जड जातं. ज्यांना संधिवात आहे त्यांच्यासाठी ही अडचण खटक्याहून मोठी.

ओढायची योग्य रीत अशी: तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, पिस्तूल छातीजवळ. डावा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून पालथा ठेवायचा, पण टरफल बाहेर पडायची खिडकी झाकायची नाही, आणि डाव्या हाताने मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पुढे ढकलायचं. छाती-खांद्यांचा जोर कामी येतो, बोटांचा लागत नाही. मागे आली की हात पूर्ण सोडून द्यायचा, हळूहळू आणून ठेवायचं नाही. घोडा बाहेर दिसणाऱ्या पिस्तुलात तो आधी चढवला तर स्लाइड बरीच हलकी जाते, मात्र मग घोडा चढलेला आहे हे लक्षात ठेवणं आलं. तीन-चार वेळा एवढं करूनही स्लाइड पूर्ण मागे येत नसेल, तर तो नग तुमचा नाही.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या ‘हलक्या स्लाइड’च्या पिस्तुलांचे व्हिडिओ भरपूर दिसतात. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझी’ काढलं ते याच गिऱ्हाइकासाठी: हलकी स्प्रिंग, मुठीच्या मागे दाबली जाणारी वेगळी सेफ्टी, अंगठ्याचा खटका हवा तर घ्या. २०२० मध्ये याच मालिकेतल्या ९ मिलीमीटरच्या काही पिस्तुलांचे घोडे सदोष निघाले आणि कंपनीला ती दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली. आपल्या साध्या परवानाधारकाला ती आयात करता येत नाहीत, म्हणून त्या व्हिडिओंतली हातोटी आपल्या ताठ स्प्रिंगच्या पिस्तुलावर जशीच्या तशी लागू धरू नये.

स्लाइड जमत नसेल तर रिव्हॉल्व्हर हा पर्याय उरतो. ओढायचं काही नाही, खटका नाही. पण घोडा न चढवता झाडायची तर ट्रिगर लांब आणि जड असतो, कमजोर बोटाला तो पेलावा लागतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर घोड्यावर आपटल्याने गोळी सुटण्याचा धोका राहतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी त्यांची परवान्याची रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटली, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. ही बातमी प्रत्येक रिव्हॉल्व्हरधारकाने लक्षात ठेवावी. घोडा पडला तरी मधे आडवी येणारी रचना तुमच्या नगात आहे का, हे आर्मररला विचारा. नसेल तर घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवूनच बाळगा, आणि कपाटात ठेवायची वेळ आली की आधी पूर्ण रिकामी करा.

शिकण्याचा खर्च

सरावाला कायदेशीर रेंजच लागते. बागेत नारळावर नेम धरणं गुन्हा ठरू शकतं. लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मोठ्या सोयी मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे आणि पुण्यात बालेवाडीला आहेत. नेमबाजीची खरी परंपरा मात्र आंबा घाट चढून कोल्हापुरात सापडते. राही सरनोबत तिथलीच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये तिने सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. जाऊन-येऊन पेट्रोलच अठराशेच्या आसपास. हत्यार घेऊन जाणार असाल तर परवान्यावर क्षेत्र कुठपर्यंत लिहिलंय ते आधी पाहा. परवाना जिल्ह्यापुरता असेल तर घाट ओलांडताच तुम्ही विनापरवाना ठरता.

गोळ्यांचं बजेट वेगळं ठेवा. दुकानदार एका काडतुसाचा भाव सांगेल, त्याला शंभराने गुणा. शंभर रुपये धरले तरी पहिल्या वर्षाच्या जेमतेम सरावाला दहा हजार झाले. वर्षाला किती आणि एका वेळी किती घ्यायचे, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. घरी कोरडा, म्हणजे गोळी न झाडता, सराव करायचा तर खोटी काडतुसं वापरा, खरी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. २२ बोअरचं हत्यार मात्र रिकामं झाडू नये. त्याची पिन काडतुसाच्या कडेवर पडते आणि आत काही नसेल तर ती कप्प्याच्या काठावर आपटून काठ खराब करते.

ज्यांना मुळात नेमबाजीची हौस आहे आणि जिवाला धोका असा काही नाही, त्यांना मी पिस्तुलाऐवजी एअर पिस्तूल सुचवेन. नळी ०.१७७ इंचाची आणि मारा २० ज्यूलच्या आतला असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. शिकाऊ साधन काही हजारांत मिळतं. स्पर्धेचं आयात साधन साधारण दीड ते अडीच लाखांत जातं, पण सुरुवातीची वर्षं क्लबचं वापरता येतं. छर्ऱ्यांचा ५०० चा डबा एका काडतुसाच्या दहा-पंधरा पटीत येतो, म्हणजे त्याच पैशात सरावाचे शेकडो बार. १० मीटरच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे, एका हाताने. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. एका हाताने इतका वेळ तोलून धरताना बेचकी, मनगट, बोट यांची जी शिस्त अंगी येते ती पुढे कुठल्याही पिस्तुलाला उपयोगी पडते.

पाऊस, खारा वारा आणि कुलूप

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राचा खारा वारा. काळ्या पॉलिशच्या पोलादाला श्रावणात चार दिवसांत तांबूस ठिपके येतात. सर्वात मोठी चूक म्हणजे पिस्तूल चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवणं. चामडं ओल धरतं, बुरशी येते आणि गंज नेमका खटक्याच्या खाचेत बसतो, मग खटका घट्ट होतो किंवा अर्ध्यावर अडतो. कव्हर फिरताना वापरा, ठेवताना बाहेर काढा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रिकामं करून बंदुकीचं तेल पुसा, खोबरेल नको, ते गोठतं आणि चिकटतं. सिलिका जेलच्या पुड्या आणि तेलाची बाटली मिळून वर्षाला हजार रुपयांच्या आत भागतं.

चांगलं पोलादी लॉकर आठ-पंधरा हजारांत येतं. ते भिंतीला बोल्टने जखडा, कुटुंबाला किल्लीची जागा सांगू नका, काडतुसं वेगळ्या कुलपात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. वाशिष्ठी, शास्त्री, काजळीच्या काठच्या घरांनी लॉकर तळमजल्यावर बसवू नये. हत्यार पाण्यात गेलंच तर काडतुसं वापरायची नाहीत आणि हत्यार स्वतः खोलायचं नाही. पोलीस ठाण्यात कळवून परवानाधारक विक्रेत्याकडे द्या.

नूतनीकरण, वारस, निवडणूक

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत उलटलेला परवाना म्हणजे घरात विनापरवाना हत्यार. नियमांत एक कमी माहितीची सोय आहे: परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली, किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं आधी जे होईल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावावर शस्त्र करून देण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाला स्वतंत्र छाननी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण चुकत नाही, म्हणून मुलगा मुंबई-पुण्यात राहत असेल तर त्याच्या तिकडच्या पत्त्यावरून होणाऱ्या पोलीस पडताळणीला लागणारा वेळ धरून सुरुवात करा.

निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यातली छाननी समिती कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवते. शेती संरक्षणाच्या बंदुकांसाठी बागायतदार सवलत मागतात, पिस्तूलधारकाने मात्र जमा करावं लागेल असं धरूनच चालावं. पोलीस ठाण्यात जाताना हत्यार घरीच रिकामं करा, तेल लावा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. पावतीवर मेक, बोअर, अनुक्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का ते काउंटरवरच वाचा. परत घेताना नळीत, स्लाइडखाली आणि खटक्याच्या खाचेत गंज दिसला तर तिथेच लेखी नोंद करून घ्या, मग सही करा.